सीईटी देऊन इंजिनिअरिंग, की फिजिक्स? आप्पांना काय सांगू?

साचा_आणि_रायझर

नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, गर्लगुंजीच्या बाजूचा. सेकंड पीयूला (म्हणजे बारावीला) आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि कॉम्प्युटर सायन्स. दहावीपर्यंत मराठी शाळा. आप्पा, म्हणजे माझे वडील, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) मोल्डर आहेत, साचे करतात, २२ वर्षं झाली. घरात ठरल्यासारखंच आहे : एप्रिलमध्ये सीईटी (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) द्यायची आणि रँकप्रमाणे सीट घ्यायची. कॉम्प्युटर मिळालं तर उत्तम, नाहीतर मेकॅनिकल. मामाचा मुलगा इंजिनिअर होऊन बेंगळुरात लागला आणि तीन वर्षांत त्यानं गावातल्या घरावर स्लॅब घातला. त्या स्लॅबचं नाव आमच्यात रोज निघतं.

मला फिजिक्स करावंसं वाटतंय. नुसतं वाटतंय म्हणतो, कारण खात्री कशी करून घ्यायची तेच कळत नाही.

कारण सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आप्पांच्या हाताखाली गेलो होतो. साच्यात मुख्य कास्टिंगच्या, म्हणजे ओतून तयार होणाऱ्या भागाच्या, शेजारी एक जाड खांब असतो, त्याला रायझर म्हणतात. नंतर तो कापून परत भट्टीत टाकतात. मी विचारलं, एवढं लोखंड फुकट कशाला वितळवायचं? आप्पा म्हणाले, "गोठताना रस आकसतो. रायझर शेवटी गोठला पाहिजे, म्हणजे तोवर कास्टिंगला रस पाजत राहतो. तो आधी गोठला की आत पोकळ राहिलंच म्हणून समज." मग तो शेवटीच गोठणार हे कशावरून? तर म्हणाले, "जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट नाही लागत, चौपट लागतो. हाताला कळतं ते."

घरी येऊन शोधलं तर त्याचा नियमच आहे, च्वोरिनोव नावाच्या चेक इंजिनिअरनं १९४० साली मांडलेला. गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आप्पांनी हातानं ओळखलेलं चौपट ते हेच. पण वर्ग का? मी मांडून बघितलं. बाहेर टाकायची उष्णता घनफळाच्या प्रमाणात, बाहेर पडायची वाट पृष्ठफळाच्या प्रमाणात. मग वेळ नुसता घनफळ भागिले पृष्ठफळ एवढाच यायला पाहिजे. वर्ग येतो कुठून? कॉलेजात विचारलं तर सिलॅबसमध्ये नाही म्हणाले. तीन आठवडे झाले, बसमध्ये तेच, झोपताना तेच.

आता अडचण. फर्स्ट पीयूला केमिस्ट्रीत ९०, मॅथ्सला ८८ आणि फिजिक्समध्येच ७१. इंग्रजीचंही आहेच. संवेग म्हणजे मोमेंटम आणि त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन हे डोक्यात बसायला पहिले दोन महिने गेले. घरी भाताची दोन एकर जमीन, बहीण नववीत. आप्पा ओरडत नाहीत, "फिजिक्स करून काय होतं ते सांग, मग बघू" एवढंच म्हणतात. मला ते सांगता येत नाही. ७१ वाल्यानं फिजिक्सचं नाव काढावं का? आणि आपल्या भागात राहून फिजिक्स करून पोट भरतं का?

निपाणीचा_मास्तर

पोटापासून सुरू करतो, कारण आप्पांचा प्रश्न तोच आहे आणि रास्त आहे.

माझं घर निपाणीत, कॉलेज अर्जुननगरला. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, त्यामुळे डिग्री शिवाजी विद्यापीठाची. एमएस्सी कोल्हापूरलाच केली. मग बीएड. आज पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बीएस्सीला नाव घातल्यापासून कायम नोकरीची ऑर्डर हातात पडेपर्यंत ११ वर्षं गेली, आणि त्यातली चार वर्षं मी तासावर पैसे घेऊन तीन ठिकाणी शिकवत होतो. माझ्याबरोबर एमएस्सी झालेले दोघे बँकेत गेले, एक एलआयसीत आहे, एकीनं सॉफ्टवेअर शिकून पुणे गाठलं. उपाशी कुणी नाही. पण २१-२२ व्या वर्षी पगार सुरू होईल असं धरून चाललास तर फसशील. बीएस्सीच्या तीन वर्षांवर काही उभं राहत नाही, एमएस्सी धरूनच हिशेब कर. कर्नाटकात २०२४-२५ पासून डिग्री परत तीन वर्षांची झाली आहे, म्हणजे एमएस्सीपर्यंत पाच. बीएड केलंस तर आणखी दोन.

बेळगावात टिळकवाडीचं जीएसएस आहे, आरएलएस आहे, दोन्हीकडे बीएस्सी करता येते. पुढे धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, नाहीतर कोल्हापूर. घरून ये-जा करून शिकता येईल, खर्च इंजिनिअरिंगपेक्षा पुष्कळ कमी. पण घराजवळच्या कॉलेजात एक सांभाळावं लागतं. वर्गातली निम्मी मुलं सीट हुकली म्हणून आलेली असतात. त्यांचं मन तिथं नसतं आणि तो गारवा आपल्यालाही लागतो. मला लागला होता. दुसऱ्या वर्षी मी प्रॅक्टिकलची रीडिंगं मागच्या बॅचच्या रेकॉर्ड बुकातून उतरवत होतो. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग मी खऱ्या अर्थानं पहिल्यांदा बघितला तो एमएस्सीला. सूक्ष्मदर्शकात ती काळी-पिवळी वलयं दिसली आणि तीन वर्षं काय गमावलं ते तिथं उभ्या उभ्या कळलं. तू गेलास तर रीडिंग स्वतः घे. चुकलं तर चुकलेलं लिही.

आता ७१. पेपर तपासणारा माणूस म्हणून सांगतो, पीयूचे मार्क पाठांतराचेही असतात. डेरिव्हेशन छापल्यासारखं लिहिणाऱ्याला ९५ पडतात. ७१ का पडले ते उत्तरपत्रिका समोर घेऊन बघ. व्याख्या आणि डेरिव्हेशनमध्ये गेले असतील तर काळजी नको. गणितं सोडवताना गेले असतील तर मात्र थांबून विचार कर. फिजिक्सचा पुढचा रस्ता सगळा गणितातूनच जातो. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आयुष्यभर विश्वाच्या उत्पत्तीवर काम करत राहिले, पण केंब्रिजला त्यांनी परीक्षा दिली ती गणिताची. तुला मॅथ्सला ८८ आहेत, ही मला ७१ पेक्षा मोठी बातमी वाटते.

मच्छे_ते_पुणे

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. मेकॅनिकल झालो, व्हीटीयू म्हणजे आपल्या बेळगावच्या तंत्रविद्यापीठातून. दोन वर्षं उद्यमबागेत काढली, आता पुण्यात कास्टिंगचं सिम्युलेशन करतो. म्हणजे तुझ्या आप्पांना हाताला कळतं ते मी कॉम्प्युटरवर काढतो. साचा ओतायच्या आधी कुठला भाग कधी गोठेल, पोकळी कुठं राहील, रायझर कुठं आणि केवढा ठेवायचा. ग्रे आयर्न गोठताना त्यात ग्रॅफाइट तयार होतं आणि ते फुगतं, म्हणून तिथं स्टीलपेक्षा लहान रायझर भागतो. असल्या गोष्टी मला रोज लागतात आणि मला त्या आवडतात. तेव्हा इंजिनिअरिंग म्हणजे कुतूहल संपलं असं कुणी सांगितलं तर मानू नको.

हीट ट्रान्सफर (उष्णता कशी वाहते) हा विषय मेकॅनिकललाही आहे. तुझा वर्ग तिथंही येतो. पण खरं सांगायचं तर मला तो सूत्र म्हणून मिळाला. स्थिरांक फाउंड्रीच्या अनुभवावरून घ्यायचा, आकडे घालायचे, उत्तर काढायचं. वर्ग का, हे आमच्या कॉलेजात ना कुणी सांगितलं ना आम्ही कुणी विचारलं. तू तीन आठवडे त्याच्यात अडकलास हे वाचून मी दोनदा वर जाऊन परत वाचलं.

माझ्या घरी कर्ज होतं. मी कमवायला लागलो आणि चार वर्षांत ते फिटलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही किंमत कमी समजू नको आणि तुझ्या मामेभावाच्या स्लॅबलाही कमी लेखू नको. फक्त कॉम्प्युटरची सीट पैशासाठी घेत असशील तर तसं मनाशी स्पष्ट म्हण. मनात फिजिक्स ठेवून चार वर्षं दुसरं करणारे दोघं माझ्या वर्गात होते, त्यांचे फार हाल झाले.

एक उपयोगाचं. फक्त केसीईटीवर, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीवर, राहू नको. महाराष्ट्राच्या सीईटीतून इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे, टाइप ई म्हणतात. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांना हे ठाऊकच नसतं. कागदपत्रं आत्तापासून जमव, ऐन वेळी दाखल्यासाठी फेऱ्या मारायला लागतात.

अथणीची_आक्का

तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी अथणी तालुक्यातली, मराठी शाळेतली. पुण्याच्या आयसरमधून (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) पाच वर्षांचं बीएस-एमएस केलं आणि आता बेंगळुरात फिजिक्समध्ये पीएचडी करतेय.

आधी तुझा वर्ग. तुझी मांडणी चुकलेली नाही, अर्धी आहे. वाळू सगळा वेळ सारख्याच वेगानं उष्णता ओढते असं तू गृहीत धरलंस. तसं होत नाही. रस ओतला की लागून असलेली वाळू आधी तापते. त्यानंतरच्या उष्णतेला त्या तापलेल्या थरातून पलीकडच्या गार वाळूपर्यंत जावं लागतं. थर जाड होत जातो, वाट लांबत जाते, वेग मंदावतो. हिशेब केला की असं येतं : चौपट वेळ दिला तर वाळू दुप्पटच उष्णता ओढते. म्हणजे ओढलेली उष्णता पृष्ठफळ गुणिले वेळेचं वर्गमूळ. ही उष्णता घनफळाच्या प्रमाणात असायला पाहिजे. आता दोन्ही बाजूंचा वर्ग कर.

झालं? आता खरी गंमत. उष्णतेला दुप्पट लांब जायला चौपट वेळ का लागतो? कारण ती सरळ चालत नाही. कणाकणाच्या धक्क्यांनी पुढे-मागे करत सरकते. शंभर पावलं अशी वाट्टेल त्या दिशेनं टाकलीस तर सुरुवातीपासून साधारण दहाच पावलं लांब पोचतोस. १९०५ साली आइनस्टाइननं पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या थरथरीला हेच गणित लावलं. पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं पुढे ते मोजलं, त्यावरून अणूंची संख्या काढली, आणि अणू खरोखर असतात की नुसती हिशेबाची सोय आहे हा वाद मिटला. त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. उद्यमबागेतल्या वाळूतला वर्ग आणि अणू आहेत याचा पुरावा, दोन्ही एकाच मुळाचे. मेकॅनिकलवाल्या दादांना तो वर्ग वापरायचा असतो आणि ते मोठं काम आहे. फिजिक्सवाला त्या वर्गाच्या मागे मागे जातो आणि कुठल्या कुठं निघतो. तुला यातलं कुठलं हवं, एवढं स्वतःला विचार. वाचताना अंगावर काटा आला का, ते मी विचारत नाही. काटा सगळ्यांना येतो. वाचून झाल्यावर कागद घेऊन स्वतः मांडून बघावंसं वाटलं का, ते बघ.

कारण रोजचं काम काट्याचं नसतं. आमच्या लॅबमध्ये द्रवरूप हेलियम लागतो, उणे २६९ अंश. तुझ्या आप्पांची भट्टी चौदाशेच्या आसपास, माझं काम दुसऱ्या टोकाला. गेल्या वर्षी आमच्या निर्वात नळीत कुठंतरी गळती होती. दोन महिने शोधत होते. रबरी रिंगेवर एक केस अडकला होता. ते दोन महिने रोज सकाळी उठून लॅबला जावंसं वाटत होतं म्हणून मी इथं टिकले. तू तीन आठवडे न कंटाळता एका प्रश्नाला धरून बसलास, ७१ मध्ये हे मोजलेलं नाही.

इंग्रजीचं मी अनुभवावरून सांगते. पहिलं सेमिस्टर मी वर्गात तोंड उघडलं नाही. रात्री मराठीत टिपणं काढायची, सकाळी परत इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी कधी थांबलं ते कळलंही नाही. मराठीत समजून घेतलेलं पक्कं राहिलं. आजही अवघड काही आलं की मी मनात मराठीतच बोलते.

आता वाट. देशात सात आयसर आहेत, प्रवेश आयएटी या परीक्षेतून. बेंगळुरच्या आयआयएससीच्या चार वर्षांच्या बीएसलाही तिचे गुण चालतात. ६० प्रश्न, तीन तास. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. तू बायोलॉजी सोडलेलं आहेस, तरी ते १५ प्रश्न तुझ्याही पेपरात असणारच. मीही पीसीएमवालीच. दहावीपर्यंतचं बायोलॉजी चाळलं, पेशी आणि अनुवंशिकता नीट केली, येतील तेवढेच सोडवले. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघतात, परीक्षा सीईटी झाल्यावर. म्हणजे आप्पांची सीईटी देऊन हीही देता येते, आज एकाला नाही म्हणायची गरज नाही. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या अशाच विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे, तीही बघ.

पैसे : मला इन्स्पायर शिष्यवृत्ती होती, वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हातात आणि २० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी. मेसचं बिल आणि येण्याजाण्याचा खर्च भागून आईला थोडे पाठवता यायचे. पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. स्लॅब होणार नाही, पण घरून मागावं लागत नाही. आणि यातलं काहीच जमलं नाही तर मास्तर म्हणतात तसं जीएसएस किंवा आरएलएसला बीएस्सी करून जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देता येते. ती निघाली की आयआयटीत एमएस्सी. माझ्या ग्रुपमधला सगळ्यात हुशार मुलगा त्याच वाटेनं आलाय.

तिसऱ्या_गेटचा_बाप

मी शिकलेला माणूस नाही, आयटीआय फिटर. माझी मुलगी बीएस्सी फिजिक्स करून आता धारवाडला एमएस्सीला आहे. एवढंच सांगतो, तिनं निर्णय ऐकवला नाही, वही आणून दाखवली. काय करते ते मला समजेल असं सांगितलं. अर्धं समजलं. पण ती सांगताना कशी दिसत होती ते मी बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. तुझ्या आप्पांना तर तुझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला समजेल, तो त्यांच्याच कामातला आहे. त्यांना बाहेर ठेवून ठरवू नको.

साचा_आणि_रायझर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशीर झाला कारण एक करून बघत होतो.

आक्कांचं वाचून तीच मांडणी कागदावर केली आणि रात्री आप्पांना दाखवली. वर्गमूळ त्यांना नको होतं. पण आधी जवळची वाळू तापते आणि मग तीच आडवी येते, हे सांगितल्यावर ते गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणून दुसरा साचा लगेच चिकटून ठेवला की कास्टिंग बिघडतंय." हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाले करून बघू. रविवारी अंगणात वाळूचे दोन साचे त्यांनी स्वतः दाबले, एक सेंटीमीटर जाडीचा आणि दोन सेंटीमीटरचा, लांबी-रुंदी सारखी आणि जाडीच्या मानानं खूप जास्त. रसाच्या जागी मेणबत्त्यांचं मेण. गोठलं की नाही ते मधोमध सुई घालून बघायचं. बहीण मोबाइलवर वेळ लावत होती. तीन-तीन वेळा केलं. लहान साच्याला ९, ११, ८ मिनिटं. मोठ्याला ३४, ३७, ३१. सुई कधी अडली म्हणायची यावर प्रत्येक वेळी वाद.

उत्तरपत्रिका पण काढली. ११ मार्क डेरिव्हेशन अर्धवट लिहिल्याचे आणि व्याख्यांचे गेलेत, गणितांत सात.

आप्पांचं असं ठरलंय : सीईटी, आयएटी आणि महाराष्ट्राची सीईटी, तिन्ही द्यायच्या. आयएटीतून मिळालं तर जायचं. नाही मिळालं तर जीएसएस की इंजिनिअरिंग, ते तेव्हा बोलू म्हणाले. जीएसएसचं नाव त्यांनीच काढलं, मी नाही. मामा अजून रागावलेत. बायोलॉजीचं जुनं पुस्तक शेजारच्या मुलीकडून आणलंय.

एक शंका राहिली. मेण स्वतःच उष्णता नीट वाहून नेत नाही, लोखंड नेतं. मग माझं चौपट वाळूमुळं आलं की मेणामुळं?

अथणीची_आक्का

हा प्रश्न तू स्वतः काढलास, मी विचारणारच होते. मेण कडेकडून आत गोठत येतं आणि गोठलेला थरच आतल्या उष्णतेच्या आड येतो, त्यामुळे तिथंही वर्गच निघतो. दोन्ही कारणं एकच उत्तर देतात, म्हणून एवढ्यावरून वेगळी करता येणार नाहीत. वाळूऐवजी तेच मेण पातळ ॲल्युमिनियमच्या डब्यात ओतून डबा पाण्यात ठेवून बघ. आणि रविवारची वाळू ओली होती की कोरडी? लिहून ठेवलं नसशील तर आप्पांना आत्ता विचार आणि वहीत लिही.